धड तवा

"हे लोक काल-परवा आलेत. आधी इथं नुसतं जंगल होतं," शेत धरणाखाली घ्यायला आलेला साहेब म्हणाला.

ॲमेझॉनकाठच्या त्या शेतात जुन्या वस्तीच्या खुणा शोधायला मी खणत होतो; त्यात निघालेली खापरं मी त्याच्या हातात कोंबली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कसाव्याच्या कंदाची भाकरी भाजलेला मातीचा तवा होता तो.

"खापरं काय, कुठंही सापडतात," म्हणत त्यानं ती फेकून दिली.

शेताची मालकीण जुरेमा उठली. चुलीवरचा आपला मातीचा तवा आणून तिनं त्याच्या बुटांपुढं आपटला आणि तुकडे चुलीतल्या राखेसकट काळ्या मातीत दाबले. इथल्या बायका फुटक्या तव्याचं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात; ही काळी माती त्यातूनच झालीय. पण धड तवा कुणी फोडत नाही.

वर तिनं कसाव्याची कांडी खोचली.

"नवा तवा घडवते. पीक निघालं की ये भाकरी खायला."