पात्याला लटकलेलं माणूस

पवनचक्कीच्या पात्याला माणूस लटकलं होतं.

हरभरा उपटता उपटता बानूबाईला ते आधी दिसलं. हातातला डहाळा तसाच धरून ती म्हणाली, "सारजे, तुझा रणधीर आज आपल्याच माळावर कामाला हाय म्हणलीस न्हवं?"

सारजाबाईनं कपाळावर आडवा हात धरून वर बघितलं. तिन्ही पाती थांबलेली. एक पातं सरळ खाली तोंड करून उभं, आणि त्याच्या मधोमध, दोराला, मुंगीएवढं माणूस. वारं आलं की ते हलायचं. 

भूमच्या अलीकडचा हा माळ म्हणजे नुसता खडक. कुसळाशिवाय काही उगवायचं नाही, शेरडंसुद्धा तिथं नाक मुरडायची. त्याच माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुण्याला वॉचमनकी करायला पळणारी पोरं इथंच पगारदार झाली. रणधीर आणि त्याची बायको शिवकन्या दोघंही ट्रेनिंग करून आली. आधी बाहेरच्या जिल्ह्यांत कामं केली, आता गावात. घरावर स्लॅब पडला. लेक वर चढतो आणि सून खाली जीपमध्ये बसून कागदं लिहिते, एवढं सारजाबाईला ठाऊक. म्हणून तुपाची धार लेकाच्या ताटात. बसून लिहिणारीला कसलं आलंय तूप.

पण दोराचं तिला कुणी बोललं नव्हतं. "आतनं शिडी असती, आई. घरात बसल्यावानी काम," असं रणधीर सांगायचा. विहीर खांदताना माणसं खाली सोडायच्या यारीचा दोर तुटला आणि सारजाबाईचा नवरा गेला. रणधीर तेव्हा झोळीत होता. त्याच दिवशी तिनं झोळी सोडून टाकली आणि पोराला भुईवर निजवलं. तेव्हापासून तिला टांगलेलं काही बघवत नाही.

ती पळत सुटली. चपला बांधावरच राहिल्या. "अगं पडशील, वय काय तुझं," बानूबाई मागनं हाका मारत होती, पण ऐकतंय कोण. सारजाबाईच्या तोंडात एकच चाललं होतं. आई येडाई, माझं लेकरू खाली आण. पुन्हा दोराला हात लावू देणार न्हाय. उपाशी राहू, पण नको हा पगार.

पवनचक्कीभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली होती. ती पट्टीखालून वाकून आत शिरली. आणि बघते तर बुडाशी, खांबाच्या सावलीत, रणधीर उभा. डोक्यावर टोपी, हातात वॉकीटॉकी, नजर वर.

तिनं त्याच्या तोंडावरनं, छातीवरनं हात फिरवला. जित्ता होता. पाय जमिनीवर होते.

"तू हितं हाईस," ती धापा टाकत म्हणाली. "मग वर कोण हाय?"

रणधीरनं मान खाली घातली. "शिवकन्या हाय."

सारजाबाईनं पुन्हा वर बघितलं.

"मला जमत न्हाय, आई," तो हळूच म्हणाला. "चार पायऱ्या चढलो की गरगरतं. ट्रेनिंगलाच कळलं. तिला जमतं. पात्याचं असलं काम करणारं माणूस आसपास दुसरं न्हाय, असं साहेब म्हणतेत. स्लॅब तिच्याच पगारावर पडलाय. दोर बघतो अन् कागदं लिहितो ते मी. गावात कुठल्या तोंडानं सांगू?"

यातलं निम्मंअर्धं सारजाबाईच्या कानात शिरलंच नाही. सुनेचं नाव ऐकलं तेव्हाच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं तिथंच बसकण मारली आणि भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

"सून हाय व्हय," ती म्हणाली. "येडाई पावली गं माय. मला वाटलं, माझं लेकरू लटकलंय."

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. वर होतं तेही कुणाचं तरी लेकरूच की. पहाटे उठून तिच्या चुलीवर भाकरी थापून मग कामाला जाणारं. तोच दोर होता, तेच वारं होतं. सारजाबाईला स्वतःचीच भीती वाटली. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

रणधीर तिच्याकडं बघत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो हातातल्या वॉकीटॉकीकडं बघत होता. आई आली तेव्हा तो शिवकन्येशीच बोलत होता, आणि बोलायच्या बटणावरचा अंगठा काढायचा राहून गेला होता. खालचं सगळं वर गेलं होतं.

त्यानं अंगठा उचलला. थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग शिवकन्येचा आवाज आला. वाऱ्यानं तुटत होता, पण शांत होता.

"आत्या, भिऊ नका. तुमच्या लेकराला म्या कधीच वर येऊ देत न्हाय."