बुडत्या जहाजावरचं सासर

भोंगा बोंबलत होता, जमीन एका बाजूला कलत चालली होती आणि थोरले काका वर्तमानपत्राचं पान उलटत होते.

"काका, उठा! जहाज बुडतंय!" काचेपलीकडून सूनबाई माइकवर ओरडली.

"बुडू दे गं," काका म्हणाले. "आधी बाकीच्यांना सांग."

जहाज अर्थात खरं नव्हतं. मोठ्या शेडमध्ये लोखंडी जॅकवर बसवलेली, जहाजातल्यासारखी एक बैठकीची खोली होती ती. बटण दाबलं की कलायची. संकटाच्या वेळी प्रवासी किती लवकर बाहेर पडतात, हे अभ्यासायला सूनबाईने ती बांधून घेतली होती. सूनबाई जहाजांच्या सुरक्षिततेची इंजिनीअर होती. तिच्या संगणकातले प्रवासी फार गुणी. नुसते ठिपके, पण भोंगा झाला की शहाण्या मुलांसारखे रांगेत दाराबाहेर.

तपासणी अधिकारी मात्र ठिपक्यांवर भाळणाऱ्यांतले नव्हते. "ठिपक्यांना नातेवाईक नसतात, मॅडम," ते म्हणाले होते. "एखादं खरं कुटुंब आणा. ठरलेल्या वेळात खोली रिकामी झाली तर तुमची पद्धत मंजूर. एक माणूस जरी आत राहिला तरी नापास. मग शेडला कुलूप." इतक्या वर्षांचं काम असं टांगणीला लागलेलं. घाईघाईत खरं कुटुंब आणायचं तरी कुठून? तिने आपलं सासर आणलं.

तिथेच ती चुकली. पहिल्या खेपेला कोणी उठलंच नाही. "मोठे बसलेत, आपण कसं उठायचं?" असं सासूबाईंचं म्हणणं पडलं, आणि मोठे म्हणजे थोरले काका, ते शब्दकोडं सोडवत होते. दुसऱ्या खेपेला सगळे उठले, पण दारात अडले. तासभर शेजारी बसून आत्यांना जे आठवलं नव्हतं ते सगळं नेमकं उंबरठ्यावर आठवलं. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, तिच्या दिराची नोकरी, त्या नोकरीतला साहेब. साहेबाचा स्वभाव सांगून होईपर्यंत, हिशेबाप्रमाणे, जहाज तळाला टेकलं होतं.

सूनबाईने भोंग्याचा आवाज वाढवला. काकांनी कानात कापूस घातला. तिने लाल दिवे लावले, तर आत्या म्हणाल्या, "किती छान केलंस गं!"

आता ही तिसरी आणि शेवटची खेप. अधिकारी स्वतः आत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पट्टा बांधून बसले होते, हातात वेळ मोजायचं घड्याळ. जमीन चांगलीच कलली होती. सासूबाईंची पर्स घरंगळत भिंतीला जाऊन लागली. नणंदेने पाय भिंतीला टेकवून बैठक जमवली. उठायचं नाव कोणी घेईना.

सूनबाईने हात टेकले. भोंगा बंद केला. डोळ्यांत पाणी आलं होतं, डोकं चालेनासं झालं होतं. पण समोर सासरची माणसं बसलेली असली की सुनेच्या जिभेला डोकं लागत नाही. माइक चालूच होता.

"बसा मग निवांत," ती म्हणाली. "घाई काय आहे? चहा टाकते."

थोरल्या काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"छे छे, चहा कशाला! निघतोच आम्ही."

"आत्ताच तर झालाय चहा," म्हणत सासूबाई उठल्या.

"उगाच तुला त्रास," म्हणत नणंद उठली. एकमेकांचे हात धरून सगळं सासर त्या उतारावरून दाराकडे निघालं.

सूनबाईचे डोळे विस्फारले. तेवढ्यात आत्या सवयीने दारात थबकल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "बरं का गं, ती शेजारची..."

आता मात्र सुनेतली इंजिनीअर जागी झाली. तिने माइक तोंडाशी ओढला. "थांबा ना आत्या! जेवूनच जा सगळे. पानं घेतेच!"

"अगं बाई, नको नको!" आत्या बाहेर. त्यांच्या पाठोपाठ नणंद, मग सासूबाई, आणि एक चप्पल आतच टाकून थोरले काका. मागे वळून कोणी पाहिलं नाही. संगणकातल्या ठिपक्यांनाही असं पळणं जमलं नव्हतं.

सूनबाईला आनंदाने रडू फुटलं. सासरबद्दल इतकी माया तिला लग्नापासून कधी वाटली नव्हती. नाक पुसत ती वेळ विचारायला आत धावली, आणि दारातच गार पडली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पट्टा बांधून, अधिकारी बसलेले होते.

"शाबास, मॅडम!" ते म्हणाले. "कमाल केलीत. आत एकही माणूस नाही."

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही आहात ना."

अधिकाऱ्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते गुपचूप खिशात घातलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे पाहा, मंजुरी देतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण चहा आता खरंच टाका."