डोळ्यांचे पैसे

डब्यात पडलं त्याचा आवाज नाण्याचा नव्हता. सुनेने भांडी पुसता पुसता मान वळवली. खाटेवर बसलेल्या सासूबाई झाकणाची फट बोटाने चाचपत होत्या.

"आजचं टाकलं गं."

"हो आई. ऐकू आलं."

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर सुनेने झाकण उघडलं. तळाशी सदऱ्याची तीन पांढरी बटणं होती, चार भोकांची.

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. सासूबाईंनी चाळीस वर्षं दुकानाचे सदरे शिवले होते. त्यांच्या बटव्यात सुट्टे पैसे आणि बटणं एकत्रच नांदायची. नजर धुरकटल्याचं त्यांनी सांगितलं त्याला महिना झाला होता. आता त्या भिंत धरून चालत. डॉक्टरकडे मात्र जात नव्हत्या.

"आधी ऑपरेशनपुरते जमू देत. रिकाम्या हाताने गेलं की नुसते थेंब देतात."

म्हणून त्यांनी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला मुलाकडून फट पाडून घेतली होती.

सुई टोचून टोचून बोटांचीही पारख गेली असावी. सुनेने बटणं काढली आणि आपल्या पाकिटातली तीन नाणी टाकली. आपल्याला नाणंसुद्धा ओळखू येत नाही, हे त्यांना कशाला कळायला हवं?

घराला पैसे साठवायच्या गल्ल्यांची सवय होती. लग्नानंतर सुनेने चार केले. मातीचा, प्लॅस्टिकचा हत्ती, गजराच्या घड्याळाचं खोकं, शेवटी औषधाची बाटलीसुद्धा. चारही तिच्या नवऱ्याने रिकामे केले. तो रंगारी होता, मनाने वाईट नव्हता. पण हाताला भोक होतं. दोस्त दोन शब्द गोड बोलला की ह्याचा खिसा उलटा. मातीच्या गल्ल्याच्या खापऱ्या त्याने स्वतःच झाडून काढल्या होत्या. "मजुरी मिळाली की दुप्पट टाकतो," म्हणाला होता. हत्तीच्या वेळी तिप्पट म्हणाला.

आईच्या डब्याला मात्र तो हात लावत नसे. जाता-येता नुसती टिचकी मारायचा.

"आई, वजन चढतंय गं तुझ्या डोळ्यांना."

"तुझी नजर नको लावूस."

सून बेकरीच्या काउंटरवर दोन पाळ्या करायची. आठवड्याच्या नोटा घरात विरघळून जात. सुट्टे उरत, ते डब्यात जात. आवाजात फरक पडू नये म्हणून ती बटणाच्या मापाचं नाणं निवडायची. आधी हे सोपं होतं. मग बटणं मोठी होत गेली. सदऱ्याची संपली, कोटाची आली.

"आई, बटव्यात लहान सुट्टे राहिले नाहीत का हो?"

"आहेत की. पण हाताला मोठंच लागतं बघ."

त्या आठवड्यात सुनेने नवी चप्पल घ्यायचं रद्द केलं.

एके दिवशी पत्र आलं. मोठ्या इस्पितळातल्या परिचारिकांच्या वर्गासाठी तिची निवड झाली होती; सासूबाईंची नजर जाण्याआधी तिने अर्ज भरला होता. फी महिनाअखेरपर्यंत भरायची होती. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. उभ्या उभ्या तिने ते दोनदा वाचलं आणि फळीवर ठेवून दिलं. लपवलं नाही. नवरा कागद वाचत नसे आणि सासूबाईंना दिसत नव्हतं.

"कसला कागद गं?" खाटेवरून आवाज आला.

"विजेचं बिल."

"जास्त आलंय?"

"आपल्याला नाही झेपायचं एवढं."

त्या दिवशी सासूबाईंनी कोटाची दोन बटणं एकदम टाकली.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डबा मांडीवर घेऊन हलवून पाहिला.

"भरला. उद्या जाऊ. मोठ्या इस्पितळातच. बाकीचे लुटतात."

"परवा गेलं तर नाही का चालणार, आई?"

"परवापर्यंत आंधळी झाले तर?"

रात्री सुनेने पैसे मोजले. वर्गाच्या फीपेक्षा चारच नाणी जास्त होती. डब्यातलं एकूण एक नाणं तिचं होतं आणि ते तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. हे पैसे उचलून सकाळी एकटीने जाणं अवघड नव्हतं. तिने ते सगळे पुन्हा एकदा मोजले. मग तिने नाणी उशीच्या जुन्या खोळीत भरली आणि तोंडाला गाठ मारली.

सकाळी दोघी निघाल्या. इस्पितळाच्या तळमजल्यावर फीची खिडकी होती. समोर मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात तसलंच पत्र. एक मुलगी आईशी कुजबुजत हसत होती. सुनेची पावलं अडली. सासूबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता.

"थांबलीस का गं?"

"काही नाही, आई. पायऱ्या आल्या. जपून."

डोळ्यांचा विभाग वर होता. तरुण डॉक्टरने सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं.

"दिसेल तेवढं वाचा, आजी. वरचं मोठं अक्षर लागलं तरी पुष्कळ."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि वाणसामानाची यादी वाचावी तसं वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, पाचवी. शेवटच्या ओळीलाही त्या अडखळल्या नाहीत. मग कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

डॉक्टरने स्वतःचा चष्मा काढून पुसला. "आजी, ऑपरेशन करायचं तरी कशाचं?"

सून खोळ उराशी धरून बसली होती. सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि भिंत न धरता सरळ तिच्यापाशी आल्या.

"फीची खिडकी एक वाजता बंद होते. तुझ्या त्या बिलावर अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय. ऊठ."