रस्त्यावरची लाट

पंचगंगेला पूर आला की पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांत राजवीर सगळ्यांच्या पुढं. त्याचा बाप जोतीराम याला पोहायला येत नव्हतं, त्यामुळं दर पावसाळ्यात त्याच्या जिवाला घोर. यंदा त्यानं पोराला बॅटरीवर पळणारा दोन चाकांचा बोर्ड घेऊन दिला. "ही घे तुझी लाट. काय पवायचं ते रस्त्यावर पव. पुरात उडी टाकायची न्हाय."

राजवीरनं शब्द दिला आणि पाळलाही. बोर्डावर उभं राहून नुसतं अंग झुकवलं की डांबरी रस्ता लाटेसारखा वळायचा. नदीची आठवणसुद्धा यायची नाही.

आज तो पूर बघायला म्हणून पुलावर आला, बोर्ड कठड्याला टेकवला आणि पलीकडच्या गाड्यावर भजी घ्यायला गेला. पुडा हातात पडतोय तोवर पुलावर गलका उठला. तो धावत आला. बोर्ड जिथल्या तिथं होता. शेजारी बापाची मोटरसायकल आडवी पडली होती.

"कुणी उडी टाकली?"

"कुणाला ठावं, पावणं," कठड्यावर वाकलेला माणूस पाण्यात बघतच म्हणाला. "त्यो बोर्ड बघितला आन् राजवीर, राजवीर म्हणून वरडतच गेला खाली."