अर्ध्या माणसाचा दाखला

“अहो, हळू!” मागच्या रांगेत खोकी जोडणारी बायको ओठ न हलवता पुटपुटली.

तुफाननं हात आवरले. कारखान्यात त्याला सगळे तुफानच म्हणायचे. डाव्या हाताची दोन बोटं इथल्याच कटिंग मशीननं खाल्ली होती, तरी पुठ्ठ्याची खोकी जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतरांची अर्ध्या तासाला चाळीस, त्याची पन्नास. आज मात्र त्याला वीसच करायची होती. समोर कामगार खात्याचे साहेब घड्याळ घेऊन बसले होते.

किमान पगार वाढला होता, आणि मालकांना तो परवडत नव्हता. मालकांना कधी काय परवडलंय म्हणा! पंखा परवडत नाही, संडासाला कडी परवडत नाही. वकील तेवढा परवडला. वकिलानंच वाट काढून दिली : धडधाकट माणसाच्या मानानं अपंग कामगार जेवढं काम करेल, तेवढाच पगार त्याला द्यायचा. कायद्यात सोयच होती.

“अर्धंच काम होतं असा सरकारी दाखला घे, अर्ध्यावर ठेवतो,” मालक म्हणाले होते. “नाहीतर दुसरीकडे बघ बाबा. माझा नाइलाज आहे.”

दोन बोटं नसलेल्याला दुसरीकडे कोण दारात उभं करतंय? अर्धा तर अर्धा. त्याचा अर्धा आणि बायकोचा पूर्ण मिळून खोलीचं भाडं निघणार होतं, आईचं औषध निघणार होतं. मग आठवडाभर बायकोनं त्याच्याकडून घरी रद्दीच्या घड्या घालून घेतल्या. एरवी ‘आटपा, आटपा’ करणारी बाई ‘जरा रमतगमत, अहो’ म्हणत बसली. तो चिडायचा.

“चोरी शिकवतेस मला?”

“चोरी कसली? आपलंच तर चोरतोय आपण.”

साहेब माणूस भला होता. “नुसतं यांचं मोजून कसं चालेल?” घड्याळ थांबवून ते म्हणाले. “शेजारी एक धडधाकट कामगार बसवा. दोघांची तुलना करू.”

मालकांनी बायकोकडेच बोट केलं.

ती बिचारी मनातून खूश झाली! आपला हात जितका झपाट्यानं चालेल, तितका नवरा संथ दिसणार. दाखला पक्का, नोकरी पक्की. तिनं बाह्या सरसावल्या आणि सुटलीच. घडी, खळ, दाब. घडी, खळ, दाब. पुठ्ठ्याच्या कडेनं अंगठा कापला, तो कपड्याला पुसला आणि मान वर केली नाही. शेजारी तुफान दातओठ खात एकेका खोक्याशी खेळत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

“वेळ संपली.” साहेबांनी मोजलं. त्याची वीस. तिची साठ.

“वा, बाई!” साहेब मनापासून म्हणाले आणि त्यांनी लिहिलं : धडधाकट कामगार, साठ. अर्जदार, वीस. अर्जदारास एक तृतीयांश पगार लागू.

“एक तृतीयांश?” ती ताडकन उठली. “अहो साहेब, अर्धा ठरला होता! मी रोज चाळीसच करते, आज नुसती...”

आज नुसती काय, ते कसं सांगणार? सांगितलं तर दाखलाच जायचा. ती परत खाली बसली. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मालकांचं तर आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन असं झालं. त्यांनी कागद दोनदा वाचला. साहेबांना गाडीपर्यंत पोचवून आले आणि आतल्या सगळ्या कामगार बायकांना बोलावून घेतलं.

“ऐका गं. पूर्ण पगाराचा माणूस अर्ध्या तासात साठ खोकी करतो, हे आता सरकारनंच लिहून दिलंय. चाळीसवाल्या मला परवडायच्या नाहीत.” मग ते तिच्याकडे वळले. “चल, आधी तूच. परत एकदा करून दाखव.”