कानबाईचं घर

रोटाच्या गव्हात भाईदास आबांच्या नावाची मूठ पडली आणि शीलाचा हात सुपावरच थांबला. पुढे नाव नव्हतं.

कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, गहू घालायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने. दुसरी मूठ मुलाची, भूपेंद्रची असायची. शेतातल्या मोटारीचा शॉक लागून तो गेला, आणि प्रकाशा गावातल्या या घरात पुरुष म्हणून आबा एकटे उरले.

"आते पुरे," आबा खाटेवरून म्हणाले. "हाई शेवटलं साल. उद्या नदीवरून कानबाई सरळ गिरधरना घर जाई. तेले दोन पोरे शेतस. मन्हा मांगे आठे कोन शे?"

गिरधर आबांचा पुतण्या, शीला त्याची बायको. दोघांनी माना खाली घातल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेला, भूपेंद्रच्या नूतनला मात्र राहवलं नाही.

"मी शे ना, आबा. तुमनी नात काजल शे."

"बाईमानूसना नावनी मूठ पडत नही." आबांच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

"मायले तरी इचारा."

आबांनी कोपऱ्यात बसलेल्या बायकोकडे पाहिलं. हिवाळ्यात भिकुबाईंना लकवा मारला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. भिंत धरून चार पावलं टाकायच्या, एवढंच.

"तिले काय इचारनं?" आबा म्हणाले. "मन्हा मनमा तेच तिन्हा मनमा."

भिकुबाई रिकाम्या चौरंगाकडे बघत होत्या. ओठ हलत होते, नुसतेच.

कानबाई म्हणजे या घरातला एक जुना नारळ. किती पिढ्यांचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दरसाल श्रावणात नथ, डोळे, लुगडं लेऊन ती चौरंगावर बसायची, दुसऱ्या दिवशी तापीत स्नान करून परत देव्हाऱ्यात यायची. तिला डोक्यावर न्यायचा मान सवाष्णीचा. नूतनने तो मिरवला होता. भूपेंद्र गेल्यापासून ती सगळा स्वयंपाक करायची आणि देवी सजवायच्या वेळी चुलीपाशी बसून राहायची.

पण रोज पहाटे, घर उठायच्या आत, ती देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची. शेजारच्या खाटेवर सासूबाई निजलेल्या असायच्या. नूतन देवीकडे मागायची काहीच नाही. नुसतं सांगायची. कपाशीवर अळी दिसली. लोणखेड्याच्या कॉलेजात काजलचा पेपर बरा गेला. आज फार एकटं वाटलं. घरात तिचं ऐकणारं तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे तिने दिवा लावला, पण बोलणं सुचेना. शेवटी ओठातल्या ओठात म्हणाली, "माय, तू गयी तर मी कोनशी बोलू?"

सकाळी आरती झाली. अंगणात डफ घुमू लागले. गल्लीतल्या बायका जमल्या. काजलने आजीला धरून दाराशी आणून उभं केलं. शीलाने पदर खोचला आणि ती देवीचा पाट उचलायला वाकली.

"भाईदास!"

डफ जागच्या जागी थांबले.

भिकुबाईंचं अंग थरथरत होतं. आंबाडा सुटून केस तोंडावर आले होते. काजलचा हात झिडकारून त्या एकट्या, ताठ उभ्या होत्या. ज्या बाईने उभ्या जन्मात, उखाण्यातसुद्धा, नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, जिच्या गळ्यातून हिवाळ्यापासून एक शब्द फुटला नव्हता, तिच्या तोंडून ती हाक आली होती.

"कानबाई उनी!" कुणीतरी ओरडलं. अंगात आलेल्या देवीपुढे बायका भराभर गुडघ्यांवर बसल्या. आबांची काठी हातातून गळून पडली.

"मले कोठे काढी ऱ्हायना, भाईदास? हाई मन्हं घर शे. मी आठेच ऱ्हासू."

मग ती मान सावकाश वळली. केसांआडून ते डोळे थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे लागले.

"नूतन! आज पहाटमा तू मले काय सांगं? 'तू गयी तर मी कोनशी बोलू?' मी आयकं. रोज आयकस. ये, उचल मले."

नूतनच्या अंगावर सरसरून काटा आला. ते शब्द तिच्या ओठांबाहेर नीट पडलेही नव्हते. ती पुढे आली. कुणी अडवलं नाही. शीलानेच बाजूला सरून स्वतःच्या कपाळीचं कुंकू बोटावर घेतलं आणि तिला लावलं.

आबांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकनं मन्हं, माय," ते म्हणाले. त्यांनी सूप ओढलं आणि रोटासाठी काढलेल्या गव्हात आपल्या हाताने दोन मुठी घातल्या. एक नूतनच्या नावाची, एक काजलच्या. मग पाट उचलून सुनेच्या डोक्यावर ठेवला.

त्या दिवशी तापी दुथडी भरून चालली होती. गढूळ पाणी गुडघ्यांना लागलं, तेव्हा नूतनला वाटलं, डोक्यावर ओझं नाहीच, कुणीतरी मायेने हात ठेवला आहे. देवीला स्नान घालताना ती काहीच बोलली नाही. सांगायला काही उरलंच नव्हतं.

कानबाई परत आपल्याच देव्हाऱ्यात आली. माणसं पांगली. आबा गिरधरला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

भिकुबाई खाटेवर पडून होत्या, पुन्हा तशाच मुक्या. नूतनने तांब्याभर पाणी आणलं, त्यांचे पाय धुतले आणि त्यावर डोकं टेकलं.

"कानबाई माय," ती हुंदका आवरत म्हणाली, "एवढं करं तू, आते एकच मागस. जाताना मन्ही सासूनी वाचा तिले दी जा."

भिकुबाईंनी डाव्या हाताने तिची हनुवटी वर उचलली. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाल्या,

"बोलता तं मले उन्हाळानी आखाजीपासूनच येस, पोरी. पन म्हातारीनं कोन आयकस?"