नाण्याचा आवाज

उस्तादांनी खिशातलं जुनं नाणं काढलं, पँटवर पुसलं आणि उलट्या ठेवलेल्या बॉडीच्या नाकापासून ठोकायला सुरुवात केली. टण्. चार बोटं पुढे सरकून पुन्हा टण्. उभ्यानं चालवायच्या जेट-स्कीची ती फायबरची बॉडी. दोन थर कमी करून, मधे फोम घालून, चांगली चार किलोनं हलकी केलेली. फायबर फोमला नीट चिकटलं असेल तर नाणं खणखणीत वाजतं. मधे हवा राहिली असेल तर आवाज बसका येतो, आणि असली जागा लाटांवर दोन-चारदा आपटली की पापुद्र्यासारखी सुटते. मग वर उभा असलेला माणूस कुठे जाऊन पडेल, ते सांगता येत नाही.

म्हणून नाण्यानं ठोकून बघितल्याशिवाय उस्तादांच्या शेडमधून एकही बॉडी बाहेर पडत नसे. ठोकून झालं की मागच्या बाजूला खडूनं खूण करायची, मगच ती गाडीवर चढवायची. सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता हा.

वहिनी, म्हणजे उस्तादांची बायको, समोरच्या बाजूला उभ्या होत्या. फायबरचं कापड कापणं, ते चिकटवायचं रेझिन कालवणं ही कामं त्यांची. पण गेल्या वर्षभरापासून ठोकायची वेळ आली की उस्ताद त्यांना हाक मारून समोर उभं करत. हातातली कामं टाकून मी तिथे काय करू, असं त्यांनी सुरुवातीला विचारलंही होतं. तू असलीस की बरं वाटतं, असं उत्तर मिळालं. या वयात हे काय भलतंच, असं वरवर म्हणत वहिनी मनातून चांगल्याच सुखावल्या होत्या.

आज शेडमध्ये रेसवाली पोरगीही होती. बॉडी तिच्याच जेट-स्कीची, आणि उद्या सकाळी तिची शर्यत. उचलायला मदत म्हणून भावाला घेऊन आली होती आणि वजनकाट्यावरचा आकडा आठवून सारखी हसत होती.

नाणं पाय ठेवायच्या जागेच्या खाली आलं आणि आवाज बसला. थप्.

वहिनींच्या कपाळावर आठी येऊ घातली होती, ती त्यांनी तिथल्या तिथे आवरली. मागच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं उस्तादांना तोंडावर म्हटलं होतं की आता वय झालं तुमचं, कामात पूर्वीची नजर राहिली नाही. उस्ताद दोन दिवस धड जेवले नव्हते. तेव्हा परक्यांसमोर आपण आणखी तोंड वाकडं करायला नको. त्यांनी ऐकलंच असेल, सांगतील ते त्यांच्या पद्धतीनं. असा विचार करून वहिनी अगदी कोऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या.

उस्तादांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नाणं पुढे सरकवलं. शेवटपर्यंत ठोकलं. खडूनं खूण केली.

"ने गं. बिनघोर ने," ते पोरीला म्हणाले.

वहिनींना काही कळेना. खराब माल उस्ताद जाणूनबुजून देतील, हे तर शक्यच नव्हतं. एवढ्याशा हवेपायी त्यांनी तयार बॉड्या कापून टाकल्या होत्या. मग झालं काय? इकडे बहीण-भाऊ बॉडीला हात घालायला लागले. ग्राइंडरच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, ग्राइंडरचा आवाज अडवायला कानांवर लावायचं ते जाड हेडफोनसारखं साधन लटकत होतं. घेतल्यापासून उस्तादांनी ते एकदाही लावलं नव्हतं. वहिनी त्याच्यावरच्या पांढऱ्या धुळीकडे बघत राहिल्या. घरातला टीव्हीचा वाढत गेलेला आवाज. जेवायला दोन-दोनदा मारावी लागणारी हाक. आणि तू असलीस की बरं वाटतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "खाली ठेवा ती. आज नाही न्यायची."

पोरगी थबकली. उस्तादांनी तर पास केली, म्हणत तिनं खडूच्या खुणेकडे बोट दाखवलं. उस्ताद हातातलं नाणं नुसतं फिरवत राहिले.

"पास मी केली होती," वहिनी म्हणाल्या. "चूक माझी झाली."

पोरीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. जागा कापून पुन्हा भरायची, रेझिन सुकू द्यायचं, म्हणजे उद्याची शर्यत जुन्या जड बॉडीवरच करायची, एवढं मात्र कळलं आणि तिचा चेहरा पडला. ती चिडली, भावाशी कुजबुजली. मग वहिनींनी दाखवलेल्या जागी तिनं स्वतःच नाणं ठोकून बघितलं, आपले पाय तिथे वर कुठे येतात ते बघितलं आणि बॉडीवरचा हात काढून घेतला. परवा येते, म्हणून गेली.

दोघंच उरली तेव्हा उस्तादांनी ओल्या फडक्यानं खडूची खूण पुसली.

"तुझ्या कपाळाला आठी पडली की मी थांबतो," ते म्हणाले. "आज पडलीच नाही गं."

वहिनींना रडू आलं आणि रागही आला. वर्षभर सांगता नाही आलं का, मी काय परकी आहे का, त्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर, असं त्या बरंच काही बोलल्या. मोठ्यानं बोलल्या. आपल्याला मोठ्यानं बोलावं लागतंय हे लक्षात आलं, तेव्हा थांबल्या.

उस्तादांनी नाणं पँटवर पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग बॉडीला वळसा घालून ते समोरच्या बाजूला, वहिनींच्या जागी जाऊन उभे राहिले. बसक्या आवाजाची जागा आखायला कानामागची पेन्सिल काढून हातात धरली.

वहिनींनी डोळे पुसले आणि नाकापासून ठोकायला सुरुवात केली. उस्ताद पेन्सिल धरून त्यांच्या कपाळाकडे बघत होते.